पंचवीस माणसांचा मसालेभात

दूध उतू गेलं, शेगडीभर पसरलं, जळून त्याचा धूर झाला. आणि अण्णा ओट्यापासून दोन हातांवर, शेगडीकडे पाठ करून, शांतपणे चिंच फोडत बसले होते.

मी आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर कुणा ग्राहकाची तक्रार ऐकत होते. करपल्याचा वास तिथपर्यंत आला तशी हेडफोन काढून धावले.

"अण्णा, दूध!"

"काय झालं दुधाला?" असं म्हणत त्यांनी मान वळवली. मग घाईने उठून गॅस बंद केला. पण फडकं घ्यायच्या ऐवजी ते त्या काळ्या पातेल्यावर वाकले आणि तळहाताने धूर नाकाकडे ओढू लागले. एकदा, दोनदा, तीनदा. मग माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आजारापासून."

"म्हणजे तीन आठवडे झाले की!"

"हळू बोल. तुझ्या आईला कळायला नको."

दुसऱ्या कुणाच्या वडिलांचा वास गेला असता तर मी डॉक्टरांना फोन करून मोकळी झाले असते. त्या एप्रिलमध्ये निम्म्या गावाचा वास गेला होता. पण माझे वडील म्हणजे मनोहर पानगावकर, बार्शीतले आचारी. आणि आचारी मंडळींमध्येही त्यांची तऱ्हा वेगळी. ते स्वयंपाक कधीच चाखत नसत. नैवेद्य दाखवायच्या आधी जिभेला अन्न लावायचं नाही, हा आजोबांनी घालून दिलेला नियम. हजार माणसांची आमटी उकळत असली तरी अण्णा पातेल्यावर वाकायचे, वाफ तळहाताने नाकाकडे ओढायचे आणि सांगायचे, "अजून दोन मुठी मीठ." मिठाला वास नसतो असं मी एकदा शाळेत शिकून आले आणि त्यांना ऐकवलं. "तुझ्या बाईंना म्हणावं, या एकदा भट्टीवर," एवढंच उत्तर मिळालं. आणि त्यांचं मीठ कधी चुकलं नाही, हेही खरं.

म्हणजे अण्णांचं नाक गेलं, याचा अर्थ अण्णांचं सगळंच गेलं होतं. आणि वीस दिवसांवर माझं लग्न होतं.

ते ठरलं तेव्हा अण्णांनी अकराशे पानांचा बेत केला होता. तीस वर्षं लोकांच्या लेकींच्या लग्नात जेवण केलं, आता स्वतःच्या लेकीचं बघाच, असं ते ज्याला त्याला सांगत सुटले होते. मग दुसरा लॉकडाऊन लागला. लग्नाला माणसं पंचवीस आणि वेळ दोन तास. हाताखालची माणसं आपापल्या गावी निघून गेली. कार्यालयाला कुलूप लागलं. लग्न आमच्याच अंगणात करायचं ठरलं.

आणि अण्णा म्हणाले, "पंचवीस पानांचं काय, कुणीही करेल. त्या बसस्टँडामागच्या जोशांना सांगा."

आईला वाटलं, एवढंसं काम म्हणून अपमान वाटला. विनूमामा, म्हणजे आईचा भाऊ, समजूत घालायला आला आणि दारातूनच मास्क सावरत म्हणाला, "भाऊजी, पंचवीस म्हणजे काय माणसं नव्हेत का?" अण्णा उठून कोठीत निघून गेले. खरं कारण मला एकटीला ठाऊक होतं, आणि मला बोलायची बंदी होती.

मी त्यांना कोठीच्या खोलीत गाठलं. "जोशी आले तर मी बोहल्यावर चढणार नाही."

"येड्यासारखं बोलू नकोस."

"अख्ख्या बार्शीच्या पोरी तुमच्या हातचं जेवून सासरी गेल्या. मी जोशांच्या हातचं जेवून जाऊ?"

"वैजू," ते म्हणाले आणि पोत्यावर बसले. माझ्या वडिलांना असं मटकन बसताना मी कधी पाहिलं नव्हतं. "अगं, मला काही कळतच नाही आता. फोडणी झाली का नाही कळत नाही. आमटी शिजली का नाही कळत नाही. भिंतीकडं तोंड करून स्वयंपाक केल्यासारखं वाटतं. तुझ्या लग्नात करपलेला भात वाढू का मी? त्यापेक्षा जोशी बरे."

मला रडूच आलं. पण मी म्हटलं, "वीस दिवस आहेत अजून. नाक येईल परत."

मग नाक परत आणायचा उद्योग सुरू झाला, चोरून. लग्नसराईत अण्णा घरी दिसले की शेजारी तब्येतीची चौकशी करायचे, इतके ते घरी नसायचे. आता ते चोवीस तास घरात, मीही घरात, आणि आईची नजर चुकवून आम्ही दोघं कोठीत काय काय हुंगत बसायचो. कापूर, वेलदोडा, ओवा, सुंठ. ते डोळे मिटायचे, मी नाकाखाली काहीतरी धरायची.

"हे काय?"

"लवंग."

"कांदा आहे, अण्णा."

पाचव्या दिवशी आईने आम्हाला पकडलं. ती कोठीत पोहे घ्यायला आली तेव्हा अण्णांचं अर्धं तोंड हिंगाच्या डब्यात होतं आणि मी मागून "ओढा, जोरात ओढा" असं म्हणत होते.

"हे काय चाललंय बापलेकीचं?"

लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. अण्णांनी तोंड बाहेर काढलं. मिशांना हिंग लागला होता. "वास गेलाय माझा," ते म्हणाले, आणि खाली बघत राहिले.

मला वाटलं, आई आता देव आठवेल, नाहीतर एवढे दिवस लपवलं म्हणून चिडेल. तिने पोह्यांचा डबा काढला, झाकण लावलं आणि म्हणाली, "मग त्यात काय एवढं? मला कुठं येतो?"

"काय येतो?"

"वास. मला नाहीच येत. धाकटी असताना नाकाचं दुखणं झालं होतं, तेव्हापासून नाही."

अण्णा तिच्याकडे बघतच राहिले. "आपल्या लग्नाला एकतीस वर्षं झाली."

"झाली की."

"आणि तू मला आज सांगतेस?"

"तुम्ही विचारलंत कधी? आणि सांगायचं कधी? तुम्ही घरी कधी होता?"

अण्णांच्या डोळ्यांसमोर काहीतरी येत असावं, कारण त्यांचा चेहरा एकदम पडला. "म्हणजे माझ्या बासुंदीला केशराचा वास छान लागलाय, असं दर वेळी म्हणायचीस ते?"

"वाटी हातात देऊन तोंडाकडं बघत उभे राहायचात. काय म्हणणार दुसरं?"

मी हसायला लागले. अण्णा मात्र हसले नाहीत. त्यांनी मिशा पुसल्या. आचाऱ्याच्या भट्टीजवळ बायकांचं काम नाही असं म्हणत आलेल्या माणसाने मग माझ्या देखत बायकोला विचारलं, "मग तू स्वयंपाक करतेस कशी?"

"ऐकून," आई म्हणाली. "या, दाखवते."

त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात शाळा भरली. आई ओट्याशी, आणि अण्णा पाटावर डोळे मिटून. ती मोहरी टाकायची आणि म्हणायची, "आता ऐका. तडतड जोरात आहे तोवर हात लावायचा नाही. आवाज विरळ झाला की जिरं." आमटीचा आवाज पातळ असताना निराळा असतो आणि दाटल्यावर निराळा, बुडबुडे फुटायला वेळ लावतात, हे मलाही तेव्हाच कळलं. मी सत्तावीस वर्षं त्या घरात जेवले होते.

भाताचं मात्र अवघड होतं. अण्णांचा मसालेभात झाकण न उघडता व्हायचा. वर झाकण, झाकणावर निखारे, आणि मधे उघडून बघणं त्यांच्या शास्त्रात बसत नव्हतं. कधी उतरवायचा हे ते वासावर ठरवायचे. गोडा मसाला आणि तूप यांचा एकत्र वास झाकणाखालून सुटला की दोन मिनिटं थांबायचं आणि उतरवायचं. तिसरं मिनिट झालं की बुडाला लागलाच.

"पाणी आहे तोवर भात बडबडतो," आई सांगायची. "मग गप्प होतो. मग तूप चुरचुरायला लागतं, अगदी बारीक. ती चुरचुर थांबायच्या आत उतरवायचा."

"मला नाही ऐकू येत काही."

"येईल. मला पण महिना लागला होता. सासूबाईंनी चार वेळा करपलेला भात माझ्याच ताटात वाढला होता."

"आईने?" अण्णांना हेही नवीन होतं.

आम्ही आठ दिवस लागलेला भात खाल्ला. त्यात अण्णांना चार माणसांचा अंदाज येईना. चार म्हटलं तरी तीसजणांचा भात व्हायचा, आणि आम्ही तर तिघंच. भिंतीवरून शेजारच्यांना डबे जायचे. दोन दिवसांनी शेजारच्या काकू रिकामा डबा परत देताना म्हणाल्या, "वैजू, अण्णांना म्हणावं विश्रांती घ्या थोडी." त्यांचं बोलणं अण्णांनी आतून ऐकलं.

लग्नाला चार दिवस उरले तेव्हा त्यांनी परसात विटांची चूल मांडून पूर्ण पंचवीस पानांचा भात चढवला. रंगीत तालीम. तो खालून चार बोटं काळा निघाला. अण्णांनी उलथनं टाकून दिलं आणि पायरीवर जाऊन बसले.

"जोशांना फोन लाव," मला म्हणाले.

"नाही लावणार."

"वैजू, मला भीती वाटते गं." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

"मग असं करू," मी त्यांच्याशेजारी बसत म्हटलं. "नाक माझं, हात तुमचे. मुहूर्त अकरा पंचावन्नचा आहे. भात तुम्ही साडेदहाला चढवा. मी चुलीजवळ उभी राहीन, 'उतरवा' म्हणेन, मग बोहल्यावर जाईन."

"नवरी चुलीजवळ?"

"नवरी आचाऱ्याची आहे."

त्यांनी टाकलेलं उलथनं उचललं आणि मान डोलावली. जोशांचा विषय संपला.

लग्नाच्या दिवशी साडेदहाला मी पिवळं पातळ नेसून, मुंडावळ्या बांधून चुलीजवळ हजर होते. जिलब्या तयार होत्या, मठ्ठा तयार होता, बटाट्याची भाजी तयार होती. भाताचं पातेलं मात्र खालीच होतं.

"चढवा ना, अण्णा."

"पाहुणे दारात आल्याशिवाय मी भात चढवत नाही. थांबलेला भात गोळा होतो."

"अहो, आज तरी!"

"आज तर मुळीच नाही."

नाक गेलं तरी हट्ट शाबूत होता. आणि पाहुणे लातूरहून यायचे होते. जिल्ह्याच्या हद्दीवर गाड्यांची रांग लागली होती, प्रत्येकाचा पास तपासत होते. कौस्तुभचे, म्हणजे माझ्या होणाऱ्या नवऱ्याचे, दर दहा मिनिटांनी फोन. "अजून सात गाड्या आहेत पुढं." "आता चार." त्यांची गाडी दारात आली तेव्हा अकरा वीस झाले होते. अण्णांनी त्याच क्षणी भात चढवला.

मी मनातल्या मनात हिशेब मांडला. भाताला तीस मिनिटं. म्हणजे अकरा पन्नास. आणि तेव्हा मंगलाष्टकं चालू असणार, मी अंतरपाटामागे उभी असणार.

"गुरुजी, मुहूर्त जरा पुढे नाही का घेता येणार?"

"मुहूर्त काय एसटी आहे का, पुढची पकडायला?" गुरुजी मास्कमधून म्हणाले. "आणि एक वाजता अंगण रिकामं करायचंय. चला, चला."

मी अण्णांकडे धावले. ते चुलीसमोर उकिडवे बसले होते. झाकणावर निखारे होते. "अण्णा, मी नसणार."

"माहीत आहे," ते पातेल्यावरची नजर न काढता म्हणाले. "तू जा. तुझी वेळ झाली."

"आईला बसवा जवळ."

"तिनं तुळशीला पाणी घालायचंय." आमच्याकडे मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या आईने ती बघायची नसतात, परसात तुळशीला पाणी घालत उभं राहायचं असतं. "तुझ्या लग्नाचा शकुन मोडून भात करायचा नाही मला. जा म्हटलं ना."

विनूमामाने माझा दंड धरून मला बोहल्यावर नेऊन उभं केलं. समोर अंतरपाट. पलीकडे कौस्तुभचे बूट काढलेले पाय दिसत होते. फोटोसाठी सगळ्यांनी मास्क हनुवटीवर ओढले. परसाचं दार माझ्या मागेच होतं, आणि तुळस आणि चूल त्या दारापलीकडे.

मंगलाष्टकं सुरू झाली. कौस्तुभच्या आत्यांचा आवाज खणखणीत. एक संपलं की दुसऱ्याने लगेच उचलायचं. आणि "सावधान" म्हणताना सगळे मिळून असा काही सूर लावत होते की रस्त्यावरचा माणूस थांबावा. मी हातात हार धरून उभी होते आणि माझ्या डोक्यात एकच विचार चालला होता. या गोंधळात ती चुरचुर ऐकू येणार कशी? आईच्या शांत स्वयंपाकघरातसुद्धा त्यांना ती धड ऐकू येत नव्हती.

तिसरं मंगलाष्टक. चौथं. अक्षता माझ्या डोक्यावर पडत होत्या. लग्नाच्या क्षणी मुलीच्या मनात काय काय असतं म्हणतात. माझ्या मनात भात होता.

पाचव्याला वास आला. आधी नुसता गोडा मसाला. मग, वाऱ्याची एक झुळूक परसातून आली तशी, त्यात तूप मिसळलं. हाच तो. आता दोन मिनिटं.

मी मामाला कोपराने ढोसलं. "मामा, अण्णांना सांग."

"गप, हलू नकोस."

"मामा, भात!"

"सहावं चालू झालंय, गप."

आत्याबाईंनी ओळ लांबवली. अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट. वास दाट होत चालला होता. माझ्या डोळ्यांसमोर ते चार बोटं काळं बूड आलं, पायरीवर बसलेले अण्णा आले. दीड मिनिट. माझ्याने राहवेना. लाज, रीत, सासरची माणसं, सगळं बाजूला राहिलं आणि ऐन मंगलाष्टकात मी मागे मान वळवून बेंबीच्या देठापासून ओरडले,

"अण्णा, उतरवा!"

आत्याबाई थांबल्या. गुरुजींच्या अक्षता हातातच राहिल्या. अख्खं अंगण चिडीचूप झालं.

अंतरपाटापलीकडून कौस्तुभचा घाबरा आवाज आला. "काय उतरवा?"

आणि परसातून, दुप्पट जोरात, अण्णांचा आवाज आला, "उतरवलंय कधीच! तू पुढं बघ!"

पहिले हसले ते गुरुजी. मग सगळेच. आत्याबाई हसत हसतच राहिलेली ओळ म्हणाल्या, ती धड सुरात लागेना. "सावधान" झालं, वाजंत्रीऐवजी कुणीतरी ताट बडवलं आणि अंतरपाट खाली आला.

मी पुढं बघितलं नाही. मी मागे वळले.

परसाच्या दारात अण्णा उभे होते. दोन फडक्यांत धरलेलं पातेलं त्यांनी उघडून सगळ्यांकडे कलतं केलं होतं. भात मोकळा, पिवळसर, शीत न् शीत सुटं. त्यांनी पातेलं उंबऱ्यावर टेकवलं, कडेने उलथनं घालून भात एका बाजूला सारला आणि बूड दाखवलं. कुठे काळा ठिपका नव्हता. आणि अण्णांचा डावा कान, गाल आणि अर्धी मिशी मात्र काजळीने काळीकुट्ट झाली होती.

त्यांच्यामागे आई उभी होती. एका हातात तुळशीचा तांब्या, दुसऱ्या हातात चुलीतली लाकडं सारायचा लांब दांडका. मंगलाष्टकांच्या आवाजात काही ऐकू येईना, तेव्हा अण्णांनी त्या दांडक्याचं एक टोक पातेल्याला टेकवलं होतं आणि दुसरं, काजळीसकट, कानात घातल्यासारखं धरून ते चुलीसमोर आडवे झाले होते. नव्या धोतरासकट. आईने ते तुळशीपाशी उभ्या उभ्या पाहिलं होतं; मला नंतर तिनेच सांगितलं.

"हार घाल ना," कौस्तुभ म्हणाला. "भात नंतर बघ."

मी त्याला हार घातला, पण बघत होते दाराकडेच. भाताची वाफ अंगणभर पसरली होती. गुरुजीसुद्धा मास्क वर घ्यायचा विसरून नाक उंच करून उभे होते. त्या पंचवीसजणांमध्ये तो वास येत नव्हता तो फक्त दोघांना, आणि दारात उभे राहून सगळ्यांत जास्त तेच दोघं हसत होते.